देवाचा निरोप रांगेत पहिला

३ जून, सोमवार
नवी रोजनिशी. म्हणजे जुनीच, कोरी राहिलेली. छापलेले वार चुकीचे आहेत, ते रोज खोडून बरोबर करीन. चांगला कागद वाया कशाला घालवायचा?

संकल्प असा की रोज लिहायचं, थोडक्यात लिहायचं, खरं तेच लिहायचं, आणि सुनेबद्दल एक अक्षरही वाकडं लिहायचं नाही.

सुनेने नोकरी सोडून घरीच कंपनी काढली आहे. इस्त्रीच्या खोलीत. इस्त्रीचं टेबल आता पॅसेजमध्ये असतं, येता-जाता माझ्या कमरेला लागतं. (ही तक्रार टेबलाची आहे.) रक्त वगैरे तपासणाऱ्या एका लॅबचं काम मिळालंय. पेशंटचे रिपोर्ट आपोआप तयार होऊन त्यांच्या फोनवर जायचे. एक जुलैपासून महिनाभर चाचणी. जमलं तर लॅबच्या बाकीच्या शाखाही मिळतील. नाही जमलं तर सून परत जुन्या ऑफिसात, आणि तिथे आता तिनेच शिकवलेली मुलगी साहेब होऊन बसली आहे. हे तिने मला भांडी पुसता पुसता सांगितलं. आवाज साधाच होता. फडकं मात्र एकाच ताटलीवर फिरत राहिलं.

मी कंपनीची खजिनदार. हिशेब माझा, सही माझी. घरातले आम्ही चौघेही सभासद, तरी कागदावर एक माणूस कमी पडत होतं म्हणून माझ्या धाकट्या बहिणीलाही सभासद करून घेतलंय.

आज पहिली मीटिंग, जेवणाच्या टेबलावर. विषय: मेसेज क्यू कोणता घ्यायचा. मला सगळं समजलं.

४ जून
कालचं शेवटचं वाक्य खोटं आहे. काही समजलं नव्हतं, नुसती मान हलवत होते. 'खरं तेच' हा संकल्प संध्याकाळपर्यंतही टिकला नाही, लाज वाटली.

आज भाजी निवडताना सुनेला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, आई, तुम्ही गिरणीत दळण टाकता तेव्हा पीठ होईपर्यंत तिथे उभ्या राहता का? डबा रांगेत ठेवता आणि घरी येता. तसंच हे. लॅबमधल्या मुलीने बटण दाबलं की चिठ्ठी रांगेत पडते आणि ती पुढच्या पेशंटकडे वळते. मागे एक प्रोग्राम असतो, त्याला वर्कर म्हणायचं. तो एकेक चिठ्ठी उचलतो, रिपोर्ट बनवतो, पाठवतो. ती रांग म्हणजे क्यू.

मी म्हटलं, एवढंच होय? मग लग्न झाल्यापासून मी दुसरं काय करतेय! ती हसली. चांगलं हसली, टोचून नाही.

६ जून
सुनेने तीन स्थळं मांडली.

पहिलं भाड्याचं. दुसऱ्या कंपनीची तयार रांग, देखभाल त्यांची, महिन्याला बिल. त्यांची हमी अशी की चिठ्ठी हरवणार नाही, पोचणार म्हणजे पोचणार. फक्त क्वचित कधी तीच चिठ्ठी दोनदा पोचते. दुसरं फुकटचं. प्रोग्रामला पैसे नाहीत, पण सांभाळायचं आपण, रुसला तर समजूत आपणच काढायची. तिसरं घरचं. पेशंटची माहिती ठेवायला डेटाबेस घेतलाच आहे, त्यातच एक तक्ता करायचा आणि त्यालाच रांग समजायचं.

फुकटचं मी पहिल्यांदा बाद केलं. फुकट मिळालेलं शिलाई मशीन आमच्याकडे आहे, त्याच्या दुरुस्तीत दोन नवी आली असती. भाड्याचंही बाद. एक निरोप दोनदा पोचवून वर बिल लावतात, हा कुठला कारभार? घरात पातेलं असताना दुसरं आणायचं नाही, असं सांगून मी तिसऱ्यावर बोट ठेवलं.

आणि सून म्हणाली, खरं सांगू का आई, एवढ्याशा कामाला हेच योग्य आहे, मीपण हेच सुचवणार होते.

चिरंजीवांनी टाळी वाजवली. ह्यांनी पेपर खाली केला. मॅट्रिकला मला गणितात बरे मार्क होते, हे आज पहिल्यांदा कोणाच्या तरी लक्षात आलं असेल.

संकल्प: फुगायचं नाही.

१० जून, सोमवार
आज नियम ठरले. मीच ठरवले. फुगले नाही, पण कोणीतरी ठरवायलाच हवे होते.

सुनेचं म्हणणं होतं की दोन वर्कर ठेवू. तातडीची चिठ्ठी पुढे घ्यायची सोय ठेवू. आणि एखादी चिठ्ठी तीनदा प्रयत्न करूनही जात नसेल तर ती बाजूच्या पेटीत टाकू, म्हणजे मागच्यांचा खोळंबा होणार नाही. म्हणाली, गिरणीवालासुद्धा दमट गव्हाचा डबा बाजूला काढतो की!

हे वाक्य तिने बोलायला नको होतं.

घरात कोणाला माहीत नाही म्हणून इथे लिहिते. मागच्या वर्षी गिरणीवाल्याने माझाच डबा बाजूला काढला होता. भर रांगेत. मोठ्याने म्हणाला, बाई, गहू नीट वाळवून आणा, माझं जातं चिकटतं. मागे शेजारीण उभी, वरच्या मजल्यावरची उभी. डबा उचलून मागच्या गल्लीने घरी आले. तेव्हापासून मी लांबच्या गिरणीत जाते आणि घरी सांगते की तिथलं पीठ मऊ येतं.

म्हणून ठामपणे सांगितलं: बाजूला कोणालाही काढायचं नाही. जो पुढे आहे त्याचं काम होईपर्यंत प्रयत्न करायचा. देवसुद्धा एका हाकेला येत नाही, म्हणून कोणी जप अर्ध्यावर टाकतं का? मध्ये कोणी घुसायचं नाही, ओळखीचा असो की पाळखीचा. वर्कर एकच, दोन ठेवले की एकमेकांवर ढकलतात. रांगेतली चिठ्ठी उघडून बघायचा अधिकार फक्त सुनेला, दुसऱ्याची पत्रं कोणी वाचायची नाहीत. आणि हिशेबाचा नियम: कुठलीही चिठ्ठी खोडायची झाली तर कारण लिहायचं आणि ते कारण सगळ्या सभासदांच्या फोनवर गेलंच पाहिजे. माझ्या वह्यांत आजवर एक खोडाखोड नाही. (ह्या रोजनिशीतले वार सोडून.)

हे म्हणाले, सगळं काम एकट्याने करायचं, कोणाला पुढे जाऊ द्यायचं नाही आणि थकलं तरी थांबायचं नाही. हा वर्कर कुठेतरी बघितल्यासारखा वाटतो. चिरंजीव खोकत खोकत आत गेले.

सून बराच वेळ वाद घालत होती. शेवटी मी म्हटलं, सही माझी आहे. तशी ती म्हणाली, बरं आई, महिनाभर तुमच्या पद्धतीने. पण मला हे पटलेलं नाही, एवढं मीटिंगच्या वहीत लिहा.

वहीत लिहिलं नाही. जागा नव्हती. इथे लिहिते: तिला पटलेलं नाही.

१९ जून
सून दिवसभर खोलीत. जेवायला हाक मारली की 'आलेच' म्हणते आणि येत नाही. मी ताट झाकून ठेवते, मग ते गरम करते, मग पुन्हा झाकते. गॅस किती जातो ह्याचा हिशेब मांडला होता, पण तिचा चेहरा बघून दाखवला नाही.

सही माझी आहे हे मी त्या दिवशी जरा जास्तच जोरात म्हटलं का? ह्यांना विचारलं. ते म्हणाले, नाही, खालच्या मजल्यापर्यंतच ऐकू गेलं.

२६ जून
धाकटी आली होती. तिच्या गळ्याशी गाठ आली आहे, वाटाण्याएवढी. डॉक्टरांनी सुईने तपासून घ्यायला सांगितलंय. ती उद्याच कुठेतरी जाऊन येणार होती. मी म्हटलं, छे, सोमवारपर्यंत थांब, आपल्याच लॅबमध्ये जा. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घरबसल्या तुझ्या फोनवर. रांग कोणी बसवली आहे माहीत आहे ना?

ती म्हणाली, ताई, तू बसवलीस? मी म्हटलं, तांत्रिक भाग सुनेचा, धोरण माझं.

थांबते म्हणाली. तिचा माझ्यावर लहानपणापासून विश्वास आहे.

१ जुलै, सोमवार
शुभारंभ. पहाटे अंघोळ, दिवा, कॉम्प्युटरला फूल. सून लॅबमध्ये, तिथल्या मुलींना शिकवायला. दिवसभर तिथेच. ठीक नऊला रांग सुरू होणार होती.

कुठलंही चांगलं काम देवापासून सुरू करावं. मीटिंगमध्ये हे बोलायचं राहून गेलं होतं. इस्त्रीच्या खोलीत कॉम्प्युटर चालूच होता. चिठ्ठी कशी टाकायची हे सुनेने मला मागेच दाखवलं होतं, खजिनदाराला माहीत हवं म्हणून. नऊच्या आधी जाऊन मी पहिली चिठ्ठी टाकली. नावाच्या रकान्यात 'देव'. फोन नंबरचा रकाना रिकामा सोडला तर पुढे जाऊ देत नव्हता. दहा शून्यं घातली. निराकाराला शून्यच शोभतं. मजकूर लिहिला तो देवाच्या आणि माझ्यातला आहे, इथे लिहीत नाही.

बटण दाबलं. हिरवी खूण आली, 'रांगेत घेतले'. हात जोडले.

धाकटी दुपारी सुई टोचून घेऊन आली. धीराची आहे. रिपोर्ट उद्या.

२ जुलै, मंगळवार, सकाळी
सुनेचा लॅबमधून फोन, चिरंजीवांना. कालपासून एकाही पेशंटला रिपोर्ट पोचलेला नाही. लॅबच्या स्क्रीनवर प्रत्येक नावासमोर हिरवी खूण, आणि फोनवर काही नाही. लोक काउंटरवर जमलेत. लॅबवाल्या मॅडम सगळ्यांसमोर सुनेला बोलल्या. सून आता एकेकाचा रिपोर्ट कागदावर छापून हातात देते आहे.

लोकांना धीर म्हणून राहिलेला नाही. आमच्या वेळी पत्राला आठवडा लागायचा.

२ जुलै, दुपारी
धाकटी आली. लॅबला फोन केला तर म्हणे, पाठवलाय, फोनवर बघा. जाऊन कागद हातात घ्यायचा तिला धीर होत नाही. फोनवर काही नाही. ती म्हणाली, ताई, चांगलं असतं तर लगेच कळवलं असतं, वाईट असलं की असंच टोलवतात. तिला देवघरापुढे बसवलं, हातात माझी जपमाळ दिली. ती जप करत नव्हती, मणी नुसते चाचपत होती. मध्येच म्हणाली, माझ्या पाटल्या तुझ्या सुनेला दे, मुलगी कष्टाळू आहे.

मी ओरडले तिच्यावर. मग मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले. पाणी वाया गेलं.

२ जुलै, त्यानंतर थोड्या वेळाने
चिरंजीवांनी कॉम्प्युटर उघडून पाहिलं. वर्कर चालू आहे, जीव तोडून काम करतोय, पण रांग हलत नाही. म्हणाले, पहिल्याच चिठ्ठीवर अडकलाय असं दिसतंय, तीच तीच पाठवतोय. ती कसली चिठ्ठी आहे ते बघायचा अधिकार फक्त तिला, तुझाच नियम आहे आई. ती आली की बघेल.

मला माझी चिठ्ठी आठवली. मग विचार केला. देवाचा निरोप कोणाच्या आड कसा येईल? देव वाट अडवत नाही, वाट दाखवतो. शिवाय दहा शून्यं म्हणजे काही कमी आकडे नाहीत. कारण दुसरंच असणार. वीज. किंवा हवामान.

सुनेला फोन करून सांगावं असं वाटलं. पण ती एवढ्या गडबडीत, उगाच भलत्या शंकेने तिचा वेळ कशाला घ्या? आल्यावर सांगेन. आल्या आल्या.

२ जुलै, संध्याकाळी
आली. घसा बसलेला. चपला एक इकडे, एक तिकडे. आल्या आल्या सांगणार होते. पण आधी पाणी दिलं. मग चहा. मग म्हटलं, चहा तरी सुखाने पिऊ दे. चहा पिऊन ती खोलीत गेली तेव्हा धाकटी माझा पदर धरून मागे उभी होती, तिच्यासमोर कसं सांगणार?

लिहायला हात धजत नाही, पण 'खरं तेच' हा एकच संकल्प उरलाय.

मी सुनेच्या खुर्चीमागे उभी राहिले आणि काय बोलले? म्हटलं, बाकीच्यांचं होईल सावकाश, आपल्या धाकटीची चिठ्ठी तेवढी पुढे घे ना. घरचं माणूस आहे.

मी बोलले हे. मी.

सुनेने वळूनही पाहिलं नाही. फाटक्या आवाजात म्हणाली, आई, तशी सोयच ठेवलेली नाही. कोणी मध्ये घुसायचं नाही, ओळखीचा असो की पाळखीचा.

आणि तेवढ्यात स्क्रीनवर पहिली चिठ्ठी उघडली. प्राप्तकर्ता: देव. नंबर: शून्य, शून्य, शून्य. पाठवणार: खजिनदार. खाली 'क्रमांक अस्तित्वात नाही' ही एकच ओळ पुन्हा पुन्हा, पडदाभर, कालपासूनची. अस्तित्वात नाही. कोणाबद्दल म्हणतंय ते, ह्याचीही लाज वाटली.

मजकूर धाकटीने वाचला. चष्मा नव्हता म्हणून मोठ्याने, अक्षरं लावत. 'देवा, कामाला यश दे. आणि सुनेला माझं ऐकायची बुद्धी दे.'

हॉलमधला पंखा ऐकू येत होता.

ती चिठ्ठी सुनेने हाताने रांगेतून काढून बाजूला ठेवली. खोडली नाही. एवढंच म्हणाली की खोडायचं तर कारण लिहावं लागतं, आणि ते मी का लिहू?

रांग सुटली. धरणाचं दार उघडावं तशी. धाकटीचा फोन वाजला. सुनेनेच वाचून दाखवला. साधी गाठ आहे, काळजीचं कारण नाही.

धाकटी खाली बसली, फरशीवर. रडली, हसली, सुनेचे हात हातात घेतले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, काल दुपारपासून मी मरण डोळ्यांपुढे आणून बसले होते ताई, ते तुझ्या चिठ्ठीच्या मागे उभं राहून होय? जपमाळ माझ्या हातात ठेवली आणि चहा न घेता गेली. चहा ओतला होता. मीच प्यायले. गार झालेला.

३ जुलै
लॅबवाल्या मॅडमचा फोन. मी दाराआड होते. मुद्दाम नव्हे, पातेलं पुसत होते. सून सांगत होती, चूक आमची आहे मॅडम. चाचणीची एक चिठ्ठी चुकून रांगेत राहिली. हो, माझ्याकडून. मी लक्ष द्यायला हवं होतं. तिकडून बराच वेळ काहीतरी चाललं होतं. सून 'हो' म्हणत होती. दर 'हो'ला आवाज आणखी लहान.

मी आत जाऊन फोन हातात घ्यायला हवा होता. पातेलं कोरडं होऊन चकाकत होतं तरी मी पुसतच राहिले.

निश्चय: उद्या सकाळी मी स्वतः मॅडमना फोन करून खरं सांगणार. सुनेलाही सांगणार की मला वाईट वाटलं. आणि धाकटीकडे जाणार.

४ जुलै
सकाळी फोनला चार्जिंग नव्हतं. चार्जिंग झालं तेव्हा मॅडमच्या जेवणाची वेळ. जेवणानंतर माणूस चिडका असतो.

धाकटीकडे निघाले होते, पण तिच्या गल्लीत रस्ता खणलाय असं ऐकलं.

५ जुलै
रस्ता खणलेला नाही. हे बघून आले म्हणे. ह्यांना कोणी सांगितलं होतं बघायला?

सून माझ्याशी नीट वागते. मीठ किती घालू विचारते, औषध घेतलंत का विचारते. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात दोन शब्द तिचे चुकले असते, मला तेवढाच आधार.

देवापुढे बसले. काय मागावं सुचेना. मागच्या वेळी मागितलं ते सगळ्यांनी वाचलं.

९ जुलै
मॅडमनी निर्णय दिला. काम काढून घेतलं नाही. बाकीच्या शाखांचं तूर्त नाव नाही, चाचणीचा महिना पुन्हा पहिल्यापासून. अट अशी की अडलेल्या चिठ्ठ्या बाजूला पडल्या पाहिजेत आणि रोज सकाळी कोणी जबाबदार माणसाने त्या बघितल्या पाहिजेत.

मीटिंग झाली. पाऊण मिनिटाची. सुनेने सांगितलं की भाड्याची रांग घेतेय, कारण पुन्हा काही झालं तर तिच्यात आता सांभाळायची ताकद नाही. दोन वर्कर. तातडीचं पुढे. तीनदा अडली की बाजूच्या पेटीत. मी म्हटलं, सही कुठे करायची? तिने बोट ठेवलं तिथे केली. बिलाचा आकडा वाचला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

मग ती म्हणाली, रोज सकाळी पेटी बघायचं काम आई करतील. मला वाटलं टोमणा आहे. तोंडाकडे बघितलं. टोमणा नव्हता. म्हणाली, घरात सगळ्यांत आधी तुम्ही उठता आणि एक आकडा तुमच्या नजरेतून सुटत नाही. नंबर चुकलेले असतील तर तुम्हालाच दिसतील.

धुणं वाळत घालायला गेले. आज धुणं नव्हतं.

१२ जुलै
सकाळी दळण घेऊन बाहेर पडले. पाय जवळच्या गिरणीकडे वळले, का ते माहीत नाही. गिरणीवाल्याने डब्यात हात घातला, गहू चोळून बघितला आणि म्हणाला, आज खडखडीत आहे बाई, लय दिवसांनी आलात. त्याच्या लक्षात ते काहीच नव्हतं. कोपऱ्यात कोणाचा तरी एक डबा बाजूला ठेवलेला होता, नीट झाकण लावून, वर चिठ्ठी. एवढंच असतं ते. नुसता डबा. मी त्यावरून लॅबभर लोक ताटकळत ठेवले.

संकल्प: सोमवारपासून पेटीचं काम. पेटी रिकामी असेल अशी आशा.

१५ जुलै, सोमवार, सकाळी
पेटी रिकामी नव्हती. एकच चिठ्ठी. प्राप्तकर्ता: देव.

सुनेने जुन्या रांगेतलं सगळं नव्या रांगेत आणलं, तशी तीही आली. शेजारी दोन बटणं: 'पुन्हा पाठवा' आणि 'काढून टाका'. पुन्हा पाठवण्यात अर्थ नव्हता. त्याला पोचायचं असतं तर बटणाशिवाय पोचलं असतं, आणि त्यातलं एक वाक्य न पोचलेलंच बरं. 'काढून टाका' दाबलं. खिडकी उघडली, 'कारण लिहा', आणि खाली बारीक अक्षरात, 'हे कारण इतर सर्व सभासदांना कळवले जाईल'.

माझाच नियम. तो तेवढा सुनेने जसाच्या तसा ठेवलाय.

लिहिलं, 'तांत्रिक कारण'. खोडलं. 'पत्ता अपुरा'. खोडलं. 'देवाकडे फोन नाही'. हे खरं आहे, पण ते कारण नव्हे. 'काळाच्या ओघात गरज उरली नाही'. हे वाक्य मला फार आवडलं होतं, म्हणूनच खोडलं.

शेवटी लिहिलं: 'ही चिठ्ठी मी टाकली होती. नियमही माझेच होते. सुनेने ऐकावं असं मागितलं, ऐकायचं मी होतं. धाकटीला आणि सगळ्यांना रांगेत ताटकळत ठेवलं ते मी. मॅडमना मी सांगेन.'

डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं. मनातल्या मनात, नंबर न घालता. बटण दाबलं.

पलीकडच्या खोलीत सुनेचा फोन वाजला. मग चिरंजीवांचा. मग हॉलमध्ये ह्यांचा, पेपराखाली. मी खुर्चीतून उठले नाही. ह्यांच्या पेपराचं पान उलटल्याचा आवाज आला नाही, म्हणजे ते वाचत होते, पण पेपर नव्हे.

बरं झालं म्हटलं. झालं एकदाचं. माणसाने एकदा मान खाली घातली की संपतं.

तेवढ्यात सुनेचा फोन पुन्हा वाजला. मग चिरंजीवांचा. मग ह्यांचा.

आत सून हसल्याचा आवाज आला. घसा अजून पुरता सुटलेला नाही तिचा.

मग माझा फोन वाजला. धाकटी. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. लिहिलं होतं: 'पोचलं, ताई. दोनदा पोचलं.'